वाकळेच्या पोटात

अव्वा, तू माझ्या लग्नात दिलेली वाकळ मी उसवली. तू असतीस तर कात्री हातातून ओढून घेतली असतीस. वाकळ वापरून वापरून फाटू द्यावी, विरली तर वरून दुसरं लुगडं चढवावं, पण टाके काढून तिचं पोट कुणी उघडं करू नये, हे तुझंच म्हणणं. लेकीच्या टाक्यांचं मात्र तुला कधी काही वाटलं नाही. उदगीरच्या घरी ओसरीवर बसून मी सकाळभर घातलेली ओळ तू एका नजरेत बघायचीस, नखानं दोरा उचलायचीस आणि म्हणायचीस, "उसव." का ते सांगायची तुला कधी गरज वाटली नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी नात दहावी पास झाली, तरी तो शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं. हे सगळं रागानं लिहिते आहे, ते आधीच सांगून ठेवते. वाचायला तुला येत नव्हतं, आणि येत असतं तर कदाचित हे लिहायची वेळच आली नसती.

नांदेडला आमच्या कॉलनीत बायकांनी शिवणाचा गट काढला आहे. देवळामागच्या हॉलमध्ये दुपारी जेवणं आटोपली की सतरंजी टाकून बसतो. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान आहे, बोलायला गोड. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की आपण सॅम्पलर करायचा. म्हणजे असं की, दर आठवड्याला एक चौकोन शिवायचा, प्रत्येक चौकोनाचा नमुना वेगळा, आणि शेवटी सगळे चौकोन जोडून एक पांघरूण करायचं. फोनवरच्या नमुन्यांना इंग्रजी नावं होती, ती आमच्या तोंडात बसेनात, मग आम्ही आमची ठेवली. भिंगरी, चांदणी, शंकरपाळी. एका नमुन्यात मधे छोटा चौकोन ठेवून त्याच्याभोवती पट्ट्यांमागून पट्ट्या फिरवत न्यायच्या असतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, ही तर पायऱ्यांची विहीर झाली, तेव्हापासून ती विहीर. तू म्हणाली असतीस, चांगल्या कापडाचे तुकडे करायचे आणि तेच पुन्हा जोडायचे, ही कुठली रिकामपणची कामं. आमच्यातल्या निम्म्या जणी हेच म्हणत आल्या होत्या, आणि आता शंकरपाळीचं टोक जुळलं नाही तर त्यांना जेवण गोड लागत नाही.

माझी फजिती ऐक. तू शिकवलंस तसं मी करायला गेले. वाकळेला टाका घालायचा तो काठापासून, मग गोल गोल फिरत आत यायचं आणि मधे संपवायचं. वाकळ मोठी असते, सैल कापड मधे सरकत आलं तरी हाताच्या तळव्यानं दाबून जिरवता येतं. चौकोन हातरुमालाएवढा. मी चारी कडांनी बारीक टाके घालत आत आले आणि मधे कापडाला जायला जागाच उरली नाही. चौकोन मधोमध पुरीसारखा टम्म फुगला. सगळ्या हसल्या, मीही हसले. ती मुलगी जवळ आली, चौकोन हातात घेतला आणि म्हणाली, "काकू, टाके इतके सुंदर आहेत ना, पण हे सगळं उसवावं लागेल." मी कापड पिशवीत कोंबलं आणि उठून घरी आले. पुढच्या वेळी गेलेही नाही. शेवटी ती मुलगीच घरी आली, चहा घेतला, आणि तिनं माझ्या समोर बसून दाखवलं, की टाका मधून सुरू करून बाहेर न्यायचा म्हणजे सैल कापड कडेला निघून जातं. उसव म्हणणाऱ्या माणसानं का उसवायचं ते सांगण्याची ही माझ्या आयुष्यातली पहिली वेळ होती. ती गेल्यावर मला तिचा नाही, तुझा राग आला. इतकं सोपं होतं तर तू का नाही सांगितलंस.

आणि एकदा तुझा राग आला की मग तो त्या सकाळपाशी जाऊनच थांबतो. माझं दहावीचं वर्ष. लग्न माघात ठरलेलं, बोर्डाची परीक्षा त्यानंतर. मी मनाशी ठरवलं होतं की हळद लागेपर्यंत शाळा सोडायची नाही, आणि परीक्षेपुरतं माहेरी यायचं. आप्पा तसं सासरच्या पाव्हण्यांशी बोलतो म्हणाले होते. त्या दिवशी अंघोळ करून मी ट्रंक उघडते तर पांढरा ब्लाउज आहे आणि निळा स्कर्ट नाही. दोरीवर नाही, खुंटीवर नाही. तू लिंगपूजा आटपून, कपाळाला विभूती लावून ओसरीवर बसलेली. समोर तुझं जुनं इरकल अंथरलेलं, त्याच्यावर चिंध्यांचे थर, आणि त्याच्यावर दुसरं लुगडं घालून तू कडेनं टाचत चाललेलीस.

"माझा स्कर्ट कुठं हाय?" मी विचारलं.

"वाकळंत गेला."

"मला आज शाळा हाय की."

तू मान वर केली नाहीस. "आता कशाला शाळा? नांदेडला काय स्कर्ट घालून फिरनार हाईस? उबीला तरी व्हईल. बस हितं, कोपरा धर."

आप्पा चपला घालून मोंढ्यात निघून गेले. त्यांनी ऐकलं होतं, मला माहीत आहे, कारण चपला घालायला माणसाला एवढा वेळ लागत नाही. मी उभी राहिले, आणि मग बसले, आणि कोपरा धरला. दुसरं काय करणार होते? नेसायला परकर होता, पण परकर नेसून दहावीच्या वर्गात जाता येत नव्हतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं. हेच मला सलतं, अव्वा. तू मला शाळेत जाऊ नको असं एकदाही म्हणाली नाहीस. नुसता स्कर्ट काढून घेतलास. भांडायला सुद्धा काही ठेवलं नाहीस. माझ्याच शाळेवर माझ्याच हातानं टाके घालून घेतलेस आणि त्यातली एक ओळ तिरकी गेली तर वर म्हणालीस, "उसव." शेवटचा कोपरा मिटायच्या आधी तू आत ज्वारीचे दाणे टाकलेस. वाकळ उपाशी झाकू नये, तिला खायला घालून मगच तोंड शिवावं, म्हणजे पांघरणारा उपाशी राहत नाही, ही तुझी रीत. त्या दिवशी वाकळ जेवली. मी जेवले का म्हणून कुणी विचारलं नाही.

ती वाकळ पांघरून मी इथं नांदेडला संसार केला. पायथ्याच्या कोपऱ्यात एक जाड वळ लागायचा, बोटाएवढा, लांबट. यांना तो नेहमी टोचायचा. "ह्या वाकळंत कामून दगड भरून राहिले तुझ्या मायनं?" म्हणायचे. मला पक्कं वाटायचं की तो माझ्या स्कर्टचा पट्टा आहे. पाय तिथं नेऊन ठेवायची आणि मग झोप लागायची. हे मी यांना सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. तुला माती देऊन आलो त्या दिवशी मावशीनं मला माजघरात जवळ घेतलं आणि ती म्हणाली, "तुझ्या अव्वानं त्या स्कर्टाला कात्री न्हाई लावली बग. तशीच घडी करून आत ठेवली. म्हनली, ह्येला कापवंना मला." मी त्या दिवशी जेवढी रडले तेवढी तुझ्यासाठी नव्हते रडले, त्या एका वाक्यासाठी रडले. त्यावर मी तुला निम्मं माफ करून टाकलं होतं. माफ करायला माणसाला कितीसं लागतं? एक न कापलेला स्कर्ट पुरतो.

आता नात अकरावीला लातूरला चालली आहे, वसतिगृहात. दहावीला तिला चांगले मार्क पडले आणि तिच्या आईनं, म्हणजे माझ्या लेकीनं, एक दिवसही विचार केला नाही, सरळ बॅगा काढल्या. पोरगी एकदा घरी आली होती तेव्हा तिनं माझे चौकोन पलंगावर मांडून बघितले आणि म्हणाली, "आजी, हे पूर्ण झालं की मला दे हॉस्टेलला. तिथं सगळ्यांकडं एकसारखी ब्लँकेटं असतात." त्या क्षणी माझ्या मनानं घेतलं की मधला, सगळ्यात मोठा चौकोन माझ्या स्कर्टचा करायचा. घडी उलगडायची, चुण्या सोडवायच्या, आणि त्या अखंड निळ्या कापडावर एक मोठी चांदणी बसवायची. मी जिथं थांबले तिथून ती पुढं निघाली आहे, तर तो निळा रंग तिच्याबरोबर जाऊ दे. त्या शिकवणाऱ्या मुलीनंही सांगितलं होतं की निदान एक चौकोन घरातल्या जुन्या कापडाचा असू द्या.

म्हणून दुपारी हे बाहेर गेलेले बघून मी वाकळ बैठकीत अंथरली. तुझा टाका निघता निघेना. दुपदरी दोरा, तांदळाच्या दाण्याएवढा टाका, आणि दर वीतभर अंतरावर गाठ. टाके काढायचं ते छोटं हत्यार मोडलं, मग ब्लेड घेतलं, बोट कापून घेतलं. मेल्यावरसुद्धा तुझी मूठ सुटत नाही, असं मोठ्यानं बोलले मी. पायथ्याचा तो वळ आधी उघडला. आत आप्पांच्या टॉवेलची किनार निघाली, गुंडाळून दोऱ्यानं बांधलेली. बाकी काही नाही. मी जन्मभर आप्पांच्या टॉवेलला पाय लावून निजत होते.

मग मी थांबलेच नाही. लुगडं भराभर सोडवत गेले आणि निळं दिसायला लागलं. पांघरणाऱ्याच्या खांद्यापाशी एक पट्टी, कमरेपाशी दोन, इकडं एक, तिकडं एक. चुणीच्या घडीवर कात्री धरून सरळ उभं कापत नेलेलं. जिथं जिथं थर पातळ होता तिथं तिथं तू एकेक पट्टी घातली होतीस, काम नीट केलं होतंस, त्याला नाव ठेवायला जागा नाही. कमरेचा पट्टा पण दोन तुकड्यांत. त्याचे हूक काढून घेतलेले, ते दुसऱ्या कशाला तरी लावले असशील, तुझ्या हातून हूक वाया जाणार नाही. सगळ्या पट्ट्या मी फरशीवर शेजारी शेजारी लावून बघितल्या. रंग जसाच्या तसा होता, उन्हाचं तोंडच बघितलं नव्हतं त्यानं. स्कर्ट मात्र पुरा होईना. कुठंतरी एक फाळका कमी पडत होता.

रडू आलं नाही. राग आला. देगलूरला मावशीला फोन लावला. तिला आता कमी ऐकू येतं, मला ओरडून विचारावं लागलं की स्कर्ट कापलेला कसा निघाला.

"वाकळ कशाला उसवलीस?" ती म्हणाली.

"मावशी, ते ऱ्हाऊ दे. तू म्हनली हुतीस की घडी घातली."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "तू तवा लई रडूलालतीस माय. काय सांगू मग? माझ्यासमोरच कापला तिनं."

"हात तरी थरथरला का गं तिचा?"

"तुझ्या अव्वाचा?" मावशी म्हणाली. "न्हाई. तिचा हात कवाच थरथरला न्हाई."

मावशीवर चिडून फोन ठेवला, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं. पण मग तुझ्यावर चिडायचं सगळं कारण परत आलं. निम्मी माफी दिली होती ती मी परत घेतली, अव्वा. तुला कुणी शिकवलं नव्हतं, तुझंही लग्न कुणी तुला विचारून केलं नव्हतं, आप्पांनी पाव्हण्यांपुढं तोंड उघडलं नसणार आणि शेवट करायचं काम तुझ्यावर टाकलं असणार, हे सगळं मला समजतं. वयानं आणि संसारानं समजतं. समजलं म्हणून राग जातो असं ज्यांना वाटतं, त्यांचा स्कर्ट कुणी कापलेला नसतो. मी हुशार होते. गणिताच्या बाई मला फळ्यापाशी बोलवायच्या आणि स्वतः खडू देऊन बाजूला उभ्या राहायच्या. तू हे कधी बघितलं नाहीस, पण मी तुला सांगितलं होतं, चुलीपाशी बसून सांगितलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, भाकरी करपते आहे ती बघ.

पट्ट्यांची चांदणी होत नाही. पट्ट्यांची एकच गोष्ट होते, ती विहीर. म्हणून मी विहीर शिवली. मधल्या छोट्या चौकोनासाठी शेजारच्या काकू म्हणाल्या, आईच्या इरकली लुगड्याचा तुकडा लावा, निळ्यात शोभून दिसेल. लावला नाही. नातीच्या लहानपणच्या पिवळ्या फ्रॉकचा लावला आणि त्याच्याभोवती निळी पट्टी, पांढरी पट्टी, निळी पट्टी, अशी मधून बाहेर जात राहिले. कुठं फुगलं नाही. शिकवणाऱ्या मुलीनं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "काकू, यात काहीच काढायचं नाही." मला तिला सांगावंसं वाटलं की हे ऐकायला मी कुठून कुठं आले आहे. पण बाकीच्या जणी आपापले चौकोन घेऊन रांगेत उभ्या होत्या, मी बाजूला झाले.

सगळे चौकोन जोडून, खाली अस्तर लावून, शेवटचा कोपरा मिटायच्या वेळी मी पदराच्या गाठीतली ज्वारी काढली. मुलगी म्हणाली, "काकू, किडे होतील हं." होऊ देत म्हटलं. ते तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. पोरगी परक्या गावी चालली आहे, मेसचं खाणार आहे.

तुझी वाकळ अजून तशीच पोट उघडं टाकून पलंगाखाली पडली आहे. शिवावी की टाकून द्यावी, ठरत नाही. हे लिहिलेलंही कुठं पाठवायचं नाही, ज्या मातीत तुला बसवलं तिथं टपाल जात नाही. पण एक सांगायचं राहिलं, आणि ते तुला सोडून दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही.

काल नात नवं पांघरूण न्यायला आली. बॅगेत मावेना, म्हणून आम्ही दोघी घडी घालत होतो. "आजी, तो कोपरा धर ना," म्हणाली. मी धरला. तेवढ्यात तिचं लक्ष विहिरीकडं गेलं.

"हा निळा कशाचा आहे?"

"माझ्या शाळेच्या स्कर्टचा."

"तू शाळेत जायचीस?" तिनं असं विचारलं की जणू मी विमान चालवत होते म्हणून सांगितलं. तिचा दोष नाही. तिला कुणी सांगितलेलंच नाही.

"दहावीपर्यंत. परीक्षेच्या आधी लग्न झालं."

तिनं पट्ट्यांवरून बोट फिरवलं. "इतका छान रंग. कापला कुणी पण?"

मी तोंड उघडलं ते तुझं नाव घ्यायलाच, अव्वा. शपथेवर सांगते. सगळं जिभेवर होतं, ट्रंक, ओसरी, उबीला तरी व्हईल. समोर ती घडीचं दुसरं टोक धरून उभी, सकाळच्या गाडीनं लातूरला निघालेली, रोज हे अंगावर घेऊन झोपणारी.

"मीच कापला," म्हटलं. "आत्ता, ही विहीर करायला. माझ्या अव्वानं तो अख्खा ठेवला होता. वाकळेच्या पोटात, घडी घालून. तिला कापवेना."

"म्हणजे पणजी चांगली होती," ती म्हणाली आणि तिचं टोक माझ्या हातातल्या टोकाला आणून जुळवलं.

मी मान डोलावली, हाव म्हणाले.